शिस्त धरणे

(विजयादशमीनिमित्त मालवण तालुक्यात झालेल्या शस्त्रपूजनाच्या कार्यक्रमात एका निवृत्त माध्यमिक शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर. राष्ट्रीय छात्रसेनेचे अधिकारी म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले आहे.)



शस्त्रपूजनानंतर बोलायला उभे राहणाऱ्या वक्त्याकडून इतिहासाची अपेक्षा असते. समोर सिंधुदुर्गासारखा जलदुर्ग उभा असताना ती अपेक्षा अगदी रास्त आहे. परंतु छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमाराविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारी मंडळी या गावात पुष्कळ आहेत. मी शाळामास्तर. आयुष्यात तीन प्रकारच्या बंदुका हाताळल्या, आणि त्यांतली पहिली फार लहान वयात. आज तिच्याविषयी बोलावे असे ठरवून आलो आहे. या प्रसंगातले काही मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेले नाही.

आमचे घर धामापूरच्या बाजूला, तलावापासून थोडे आत. डोंगराच्या कुशीत भाताचे कुणगे, वरच्या अंगाला काजू आणि रान. ज्यांची शेती रानाला लागून आहे त्यांना पुढचे सांगायला नको. भात पोटरीला आले की डुकरांची फेरी सुरू. एका रात्रीत कळप शिरला तर सकाळी शेतात नांगर फिरल्यासारखे दिसते. खाल्लेले कमी, तुडवलेले जास्त. त्यासाठी आमच्या आजोबांच्या काळापासून घरात एक ठासणीची बंदूक होती. एकनळी, लांबलचक, माझ्या खांद्याच्या वर जाणारी. माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर ती आडवी असायची आणि खंडेनवमीला कोयता, कुदळ, पिकाव यांच्या रांगेत पाटावर बसायची. पूजेत तिला वेगळा मान नव्हता. कोयत्याला जेवढी हळद तेवढीच तिला.

ही बंदूक परवान्याची होती. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे काय, हे तरुणांना सांगायला हवे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला आणि सामान्य हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र परवान्याखाली गेले. त्या कायद्याने समाज निर्वीर्य होतो, ही तक्रार राष्ट्रीय चळवळीने पुढे सतत मांडली. लोकमान्यांनी मांडली. १९३१च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातसुद्धा, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद आहे. आज हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल. स्वातंत्र्यानंतर १९५९चा नवा कायदा आला, तो १ ऑक्टोबर १९६२पासून अमलात आला. हे सगळे होत असताना आमच्या कोकणातल्या शेतकऱ्याकडे मात्र पीक राखण्यासाठी एक साधी बंदूक कायम राहिली. शेजारच्या कोडगूमध्ये कोडव समाजाला परवान्यातूनच सूट आहे आणि त्यांच्याकडे बंदुकीची घरोघर पूजा होते. आपल्याकडे सूट नाही, परवाना आहे. पण भाव बहुतेक तोच.

मला बंदूक शिकवली ती आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. साल १९६१, दिवाळीची सुट्टी, वय चौदा. आजच्या कायद्याने एवढ्या वयाच्या मुलाच्या हाती घरची बंदूक देता येणार नाही आणि देऊही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मत कसे बनले तेही पुढे येईल.

पहिले आठ दिवस आबांनी बार टाकू दिला नाही. फक्त साफसफाई. समुद्राकडची खारी हवा लोखंड खाते. त्यामुळे नळी आतून-बाहेरून पुसायची, खोबरेलाचा हात फिरवायचा, घोड्याच्या सांध्यात एक थेंब सोडायचा. पावसाळ्यात ओल धरलेली दारू अश्विनाच्या उन्हात सुपात पसरायची, तीही घरापासून लांब, आणि तिच्याजवळ विडी ओढणाऱ्याला फिरकू द्यायचे नाही. पुढे शिक्षक झाल्यावर रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ वाचले, तेव्हा हसू आले. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी तजवीज अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी गडकऱ्यांसाठी लिहून ठेवली आहे. आबांनी ‘आज्ञापत्र’ वाचलेले नव्हते. त्यांच्या आजोबांनीही नसावे. पण शहाणपण ग्रंथातूनच उतरते असे थोडेच आहे?

मग भरणे शिकवले. ठासणीची बंदूक भरणे हे स्वयंपाकासारखे काम आहे, क्रम चुकला की सगळे बिघडते. घोडा अर्धा चढवून ठेवायचा. मापाने दारू ओतायची. वर काथ्याचा बोळा. मग गजाने ठासायचे, अगदी गज नळीतून उसळी मारू लागेपर्यंत. मग छरे, त्यावर पुन्हा हलका बोळा. आणि सर्वांत शेवटी, जागेवर जाऊन बसल्यानंतरच, नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ खुंटीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. तिला आमच्याकडे ‘केप’ म्हणतात. केप बसली की बंदूक जिवंत झाली. केप न बसवता कितीही वेळा घोडा पडला तरी काही होत नाही, केप बसवली की मुंगीएवढी चूकसुद्धा माफ नाही. म्हणून केपांची डबी आबा स्वतःच्या कनवटीला ठेवत. माझ्याकडे बंदूक, त्यांच्याकडे केप, अशी आमची वाटणी होती.

पहिला बार टाकला तो चिरेखाणीत. करवंटी मांडली ती खाणीच्या उभ्या कातळापुढे, म्हणजे छरा चुकला तरी जांभ्यात रुतेल. अंतर वीस पावले. मी दस्ता खांद्याला लावला, डोळा मिटला आणि चाप ओढला. एक डोळा मिटायचा होता, मी दोन्ही मिटले. करवंटी जागच्या जागी. खांद्याला असा दणका बसला की मी मागे बसलोच. नाकात गंधकाचा वास, कानात वाजणारी घंटा आणि डोळ्यांसमोर धुराचा पांढरा लोट. आजीने रात्री खांद्याला तेल-हळद चोळली आणि आबांना चार शब्द सुनावले. मला मात्र दुसऱ्या दिवशी मित्रांना खांद्यावरचा निळा डाग दाखवण्यात केवढा अभिमान!

त्या सुट्टीत मी पंधरा-सोळा बार टाकले असतील. करवंटी फुटू लागली. फुटू लागली तशी आबांनी तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. त्यांच्याच भाषेत सांगतो, कारण प्रमाण मराठीत त्यांचे वजन कमी होते. “आवाजार बार टाकूचो नाय. जनावर दिसाक व्हया, सगळा दिसाक व्हया, आणि त्याच्या पाठी काय आसा ता पण दिसाक व्हया.” ही पहिली. दुसरी, केप फुटली आणि बार निघाला नाही, तर नळी तशीच मोकळ्या बाजूला रोखून थांबायचे, नळीत डोकावायचे नाही. आणि तिसरी, “बंदूक कोणाक वळखणा नाय. वळखूचा काम आपला.”

मी हे सगळे धडाधड म्हणून दाखवत असे, शाळेत पाढे म्हणावे तसे.

मग १९६२चा ऑक्टोबर आला. २० तारखेला चीनने आक्रमण केले. त्या दिवसांचे वातावरण ज्यांनी पाहिले आहे, असे माझ्या वयाचे चार-दोन जण इथे बसले आहेत. वाडीत एकच रेडिओ होता, त्याच्याभोवती रात्री गर्दी. सरहद्दीवरून येणाऱ्या बातम्या ऐकून मोठी माणसे मान खाली घालून घरी जात. आम्ही मुले मात्र पेटलेलो. पंधरा वर्षांच्या मुलाला, ज्याला बंदूक चालवता येते असे वाटते, त्याला काय काय वाटत असेल याची कल्पना करा. माझ्या डोक्यात रोज चिनी शिपाई येत आणि मी त्यांना कुणग्याच्या बांधावरून टिपत असे.

कोजागिरी उलटून अंधारा पंधरवडा लागला होता. गरवे भात पिकून उभे. आबा आणि मी राखणीला माळ्यावर. चार खांबांवर उभारलेला, वर झावळ्या घातलेला तो माळा. त्या रात्री अवकाळी सर पडून गेली होती आणि पुन्हा भुरभुर सुरू होती. आबांनी केप बसवून बंदूक आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. दिवसभर कापणी केलेला माणूस, त्यांचा डोळा लागला. निदान मला तसे वाटले.

खालच्या अंगाला सळसळ झाली. भाताचे लोंगर हलले. मी बंदूक उचलली, घोडा पूर्ण चढवला. काळोखात बांधाला लागून एक काळी, पाठीला बाक असलेली, जमिनीसरशी आकृती सरकत होती. थांबे, पुन्हा सरके. डुक्कर. शंकाच नव्हती. मी नळी तिच्यावर आणली आणि चाप ओढला.

बार झाला नाही. ‘टक्’ असा बोथट आवाज आला आणि आबांच्या तोंडून दबका हुंकार. त्यांनी घोडा आणि केप यांच्या मध्ये अंगठा घातला होता. चढवलेला घोडा त्यांच्या अंगठ्यावर पडला होता.

खाली ती आकृती सरळ उभी राहिली. डोक्यावर-पाठीवर इरले घेतलेली आमच्या शेजारची काकी. तिचे रेडकू संध्याकाळी दावे तोडून पळाले होते. कंदील वाऱ्याने विझला म्हणून ती काळोखात वाकून बांधाबांधाने पाऊल शोधत होती. तिला काहीच कळले नव्हते. माळ्याकडे तोंड करून तिने विचारले, कोण जागा आहे का वर? आबांनी शांतपणे ओ दिली, रेडकू इकडे आले नाही म्हणून सांगितले, आणि जपून जा म्हणाले. त्यांच्या अंगठ्यातून रक्त गळत होते, ते माझ्या मांडीवर पडत होते.

काकी गेल्यावर त्यांनी केप काढली, डबीत टाकली, अंगठ्याला धोतराची चिंधी बांधली. मला एक शब्द बोलले नाहीत. पहाटेपर्यंत आम्ही दोघे तसेच बसलो. उजाडताना मी विचारले, तुम्हाला कसे कळले? तेव्हा ते म्हणाले, डुक्कर चरताना तोंडाचा मचमच आवाज येतो, तो आला नाही. आणि चिखलात दोन पायांचा आवाज चार पायांसारखा येत नाही. मी आवाज ऐकला होता, पण मला तो ऐकायचा नव्हता. मला डुक्कर हवे होते, म्हणून मला डुक्कर दिसले. इतक्या वर्षांनी त्या रात्रीचा विचार करतो तेव्हा एवढेच हाती लागते. डोळ्यांनी पाहिलेले होते, तरी पाहिलेले नव्हते.

सकाळी आबा म्हणाले, “जा, काकीक सांगून ये.” “काय सांगू?” “झाला ता सगळा.” बंधूंनो, त्या पन्नास पावलांएवढे लांब अंतर मी आयुष्यात चाललेलो नाही. काकी गोठ्यात होती. मी मान खाली घालून सगळे सांगितले. ती ऐकत राहिली. शेणाचे हात तसेच. मला वाटले आता ती रडेल, ओरडेल, निदान एक थोबाडीत मारेल. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “आणि रेडकू? ता खंय गावला काय तुमका?” एवढेच. ते रेडकू दुपारी मीच शोधून आणले. त्यानंतर मात्र ती हयात असेपर्यंत, रात्री आमच्या शेताच्या कडेने जाताना मोठ्याने खोकत असे. दिवसासुद्धा खोके. वाडीतल्या पोरांना त्याची गंमत वाटायची. तिला खोकला का येतो, हे तिला, आबांना आणि मला ठाऊक होते.

आबांच्या अंगठ्याचे नख काळे पडून गळले. नवे आले ते वाकडे, दुभंगलेले. १९९१ साली ते वारले तोवर तसेच राहिले. ताटावर बसले की समोर तो अंगठा दिसायचा.

मी बंदुकीला हात लावणे सोडले. आबांनीही आग्रह केला नाही.

१९६४ साली मॅट्रिक होऊन फोंडा घाटाने एस.टी.ने कोल्हापूरला कॉलेजात गेलो. चिनी आक्रमणानंतर १९६३पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली होती, ती १९६८पर्यंत तशी होती. म्हणजे नको म्हणायची सोय नव्हती. कवायत, परेड सगळे निभावले. फायरिंगचा दिवस आला आणि माझे हात थरथरू लागले. पॉइंट टू-टू रायफल, म्हणजे आमच्या ठासणीच्या बंदुकीपुढे खेळणेच. धक्का जवळजवळ नाही. पंचवीस मीटरवर कागदी लक्ष्य, मागे मातीचा उंच बंधारा, पोटावर पालथे पडून पाच गोळ्या झाडायच्या. सगळ्यांचे पाच आवाज झाले, माझा एकही नाही. चापावर बोट होते, ते हलेना.

शिकवायला मराठा लाइट इन्फंट्रीचे एक हवालदार होते. सातारकडचे, काळेसावळे, आवाज खणखणीत. त्यांनी सगळ्यांसमोर काही म्हटले नाही. मुले गेल्यावर मला थांबवले. मी त्यांना सांगितले तेवढे कारण असे होते की मला भीती वाटते. कशाची, ते सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही. त्यांनी रिकामी रायफल माझ्या हाती दिली, मला पालथे पाडले, नळीच्या टोकाजवळ दहा पैशांचे नाणे ठेवले आणि म्हणाले, नाणे न पाडता चाप ओढ. ओढला की नाणे टणकन् खाली. पुन्हा. पुन्हा. चाप खेचायचा नाही, दाबत जायचा, लिंबू पिळावे तसा, आणि घोडा कधी पडला ते आपल्यालाच कळता कामा नये. श्वास अर्धा सोडून थांबवायचा. असे पंधरा दिवस, रोज संध्याकाळी, रिकामी रायफल आणि दहा पैशांचे नाणे.

सैन्यातली शिकवण हिंदीतून चालायची. मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, ट्रिगर ऑपरेशन, अशी त्रिसूत्री ते घोकून घेत. मी एकदा विचारले, हवालदारसाहेब, यात शिस्त कुठे आली? शिस्त तर परेडला. ते म्हणाले, अरे, शिस्त म्हणजे नेम! तेव्हा डोक्यात लख्ख झाले. आपल्या जुन्या मराठीतही ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. शब्द फारसीतून आला, सैन्याबरोबर गावोगाव गेला आणि हळूहळू शाळेच्या फळ्यावर ‘शिस्त पाळा’ म्हणून येऊन बसला. नेम हा अर्थ आपण विसरलो, रांग तेवढी लक्षात ठेवली. मी पुढे तीन तपे शाळेत शिकवले, आणि मला नेहमी वाटे, आम्ही मास्तर मंडळी मुलांना रांगेत उभे करण्यात धन्यता मानतो, पण नजर कुठे ठेवायची ते शिकवायचे राहून जाते.

पुढच्या फायरिंगला मी पाच गोळ्या झाडल्या. कागद आणला तर पाचही छिद्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी, पण सगळी डावीकडे, मधल्या वर्तुळाच्या बाहेर. मी खट्टू झालो. हवालदार खूश! म्हणाले, छिद्रे जवळ आली हे तुझे काम. ती कुठे आली हा रायफलीच्या माशीचा दोष, तो मी दोन मिनिटांत काढतो. पण पाच ठिकाणी विखुरलेल्या गोळ्या कोणता आरमोरर दुरुस्त करणार? त्यानंतर ठोक्याची थ्री-नॉट-थ्रीसुद्धा झाडली. खांदा पुन्हा निळा झाला. या वेळी कुणाला दाखवला नाही.

शाळेत नोकरीला लागल्यावर छात्रसेनेची तुकडी माझ्याकडे आली. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला त्याच्या आधीपासूनची ही गोष्ट. मुलांना फायरिंगला नेण्याआधी मी एक प्रश्न विचारायचो. लक्ष्याच्या मागे काय आहे? ‘सर, काही नाही’ असे उत्तर आले की त्या मुलाला त्या दिवशी रायफल मिळत नसे. बंधारा आहे, माती आहे, माती संपल्यावर माळ आहे, माळावर गुरे असतील, गुरांमागे राखणा असेल, असे ज्याने सांगितले तो पहिला. मुलींचे सांगायचे तर, माझा अनुभव असा की त्या चाप अधिक संयमाने दाबतात. महाराष्ट्राच्या नेमबाजीचा इतिहासही तेच सांगतो. छात्रसेनेतून पुढे आलेल्या अंजली वेदपाठक-भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ साली आशियाई सुवर्ण आणले.

आणि १ ऑगस्ट २०२४ या दिवशी, घाटाच्या पलीकडे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवले त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बहात्तर वर्षांनी! दूरचित्रवाणीवर तो सामना मी पाहिला. गुडघ्यावर, पालथे पडून, मग उभे राहून. मधूनच तो रायफल खांद्यावर घेई, शिस्त धरी आणि न झाडता पुन्हा खाली ठेवी. घरातली मंडळी विचारत, का थांबला? वेळ जातोय ना! मला तेच पाहायला सर्वांत आवडले. मन मागे सरले तर रायफल खाली ठेवायची, हे ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत सुचणे सोपे नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे थोडे कडू बोलतो, राग मानू नका. शेतीसंरक्षणाच्या बंदुका आपल्याकडे आजही मोठ्या संख्येने आहेत. डुक्कर आहे, माकड-केळड्यांचा उच्छाद आहे, गवे खाली उतरतात. दोडामार्गकडे २००२पासून हत्ती आले, त्यांच्यापुढे तर बंदूक असून नसल्यासारखी. गव्याला कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे, डुकराला मारायचे तरी वनखात्याची परवानगी लागते. म्हणजे बंदूक मुख्यतः आवाजासाठी, जनावर हुसकावण्यासाठी. आणि निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करावी लागते. विधानसभेच्या तारखा पाहा. २००४, २००९, २०१४, २०१९, चारही वेळा ऑक्टोबर. म्हणजे ऐन भात पिकलेले असताना शेतकऱ्याच्या हातात काठी आणि पत्र्याचा डबा. सरसकट सर्वांच्या बंदुका घेण्याऐवजी, ज्याच्यावर गुन्हा नाही अशा शेतकऱ्याला वगळावे, त्यासाठी जिल्हा पातळीवरच्या छाननी समितीने खरोखर छाननी करावी, ही मागणी रास्त आहे आणि ती आपण सर्वांनी मिळून लावून धरली पाहिजे.

पण दुसरी बाजूही बोलायला हवी. काही वर्षे सरली की कुठल्या तरी तालुक्यातून बातमी येते. रात्री रानात गेलेल्या टोळीतला एक जण दुसऱ्याच्या गोळीने गेला. सावज समजून बार टाकला. वर्तमानपत्रात चार ओळी येतात. मी त्या ओळी वाचतो तेव्हा मला इरले दिसते. मेला तोही आपला, मारला तोही आपला, आणि दोन्ही घरे कायमची उठतात. ज्याच्या बोटाने चाप ओढला त्याच्याजवळ त्या क्षणी अंगठा घालणारा कुणी नव्हता, एवढाच त्याच्यात आणि माझ्यात फरक. हल्ली मिरवणुकीत शस्त्र उंचावून छायाचित्र काढून घेण्याची हौस वाढली आहे. आज इथे मांडलेल्या शस्त्रांना तुम्ही हात जोडलेत, चांगले केलेत. पण तुमच्यापैकी किती जणांनी छात्रसेनेत किंवा रायफल क्लबात रीतसर शिकून घेतले आहे, असे विचारले तर किती हात वर येतील? मी विचारत नाही. पालकांनी मात्र घरी गेल्यावर मुलामुलींना विचारावे की शाळेत छात्रसेनेची तुकडी आहे का, आणि नसेल तर मुख्याध्यापकांना विचारावे की का नाही.

आबांच्या मागे परवाना माझ्या नावावर झाला. मी ती बंदूक पंचवीस वर्षे जपली, खोबरेल लावले, खंडेनवमीला पुजली. राखणीला फार थोड्या वेळा बार काढला आणि प्रत्येक वेळी आकाशाकडे. मग डोळ्यांत मोतीबिंदू आला. शस्त्रक्रिया झाली, वाचता येते, पण रात्री पूर्वीसारखे दिसत नाही. दिसले तरच बार टाकायचा असा घरचा नियम, आणि मला दिसेनासे झाले. मी परवान्याचे नूतनीकरण केले नाही. बंदूक ठाण्यात जमा केली, पावती घेतली. तिथल्या तरुण शिपायाने ती हातात घेऊन वजन पाहिले आणि विचारले, काका, ही खरंच वाजते?

ठासण्याचा गज मात्र घरी राहिला. त्याची परवान्यात नोंद नव्हती. काल खंडेनवमीला माझ्या नातीने तो चिंचेने घासून कोयत्याशेजारी पाटावर ठेवला. ती यंदा छात्रसेनेत गेली आहे. हळद लावता लावता तिने विचारले, आजोबा, ही काठी कशाची? तेव्हा तिला माजघरात बसवून, आज तुम्हाला सांगितले ते सगळे पहिल्यांदा सांगितले. काकींच्या खोकल्यासकट.